डांबर लागलेलं शेवाळ

माझ्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. मुलगा दर दिवाळीला साफसफाई करताना ती बाहेर ओढतो, झाकण उघडतो, नाक मुरडतो आणि परत आत ढकलतो. आत चारशेच्या आसपास कागद आहेत आणि प्रत्येक कागदावर एकेक वाळवलेलं समुद्रशैवाल चिकटवलेलं आहे. चिकटवलेलं म्हणायचं एवढंच, कारण डिंक, खळ यांतलं काहीच वापरलेलं नाही. शेवाळाच्या अंगचा चिकटा असतो, तोच त्याला कागदाशी धरून ठेवतो. कोकणातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं मी वनस्पतिशास्त्र शिकवलं, दोन घरं बदलली, नवरा गेला, आणि ही पेटी मात्र जिथे गेले तिथे माझ्याबरोबर आली.

त्यातल्या एका कागदावर माझ्याच तेव्हाच्या गोल अक्षरात लिहिलेलं आहे: ‘सर्गॅसम. सिंधुदुर्ग किल्ला, पश्चिमेच्या तटाखाली. ७ मे १९७८, रविवार. चैत्र अमावास्या, पहाटेची ओहोटी.’ सर्गॅसम म्हणजे ते तपकिरी, बारीक पानांचं शेवाळ. त्याला मिरीएवढाले फुगे असतात आणि किनाऱ्यावरची पोरं ते बोटांनी फोडत बसतात. या कागदावरच्या फांदीला उजवीकडे एका फुग्याच्या बगलेत काळा ठिपका आहे, चवळीच्या दाण्याएवढा. त्याच्याभोवती पिवळट तपकिरी कडं आहे, तेलकट. ते डांबर आहे.

नमुना कसा करतात ते सांगते, म्हणजे हा ठिपका किती त्रासाचा होता ते कळेल. खडकावरून शेवाळ उपटताना मुळासारखी जी बुडखी असते तिच्यासकट उपटायचं. घरी आणून परातीत पाणी घ्यायचं, त्यात ते तरंगू द्यायचं. खालून जाड कागद सरकवायचा. मग रंगाच्या कुंचल्याने एकेक फांदी उलगडायची, बाईच्या ओल्या केसांचा गुंता सोडवावा तशी. कागद तिरका धरून हळूच वर काढायचा, पाणी निथळू द्यायचं. वरून जुन्या धोतराचं मलमल घालायचं, नाहीतर शेवाळ टिपकागदालाच चिकटून बसतं. त्यावर टिपकागद, त्यावर वर्तमानपत्र, असा थर रचून फळ्यांमध्ये आवळायचा आणि वर दगडी जातं ठेवायचं. टिपकागद पहिल्या दिवशी दोनदा, पुढे रोज एकदा बदलायचे. आमच्या मालवणच्या घरात मे महिन्यात एका बाजूला आंब्याची साठं वाळत आणि दुसऱ्या बाजूला माझी शेवाळं. आईने दोन्हींवर माश्या बसू नयेत म्हणून एकच जुनं लुगडं पांघरलं होतं.

डांबर काही निघालं नाही. कुंचल्याने घासलं तर पसरायला लागलं, आणि रॉकेल लावलं असतं तर शेवाळच गेलं असतं. मग तसंच दाबात घातलं. पंधरा दिवसांनी मुंबईला आमच्या सरांना गठ्ठा दाखवला. त्यांनी हा कागद दोन बोटांत धरून बाजूला ठेवला. ‘हा बाद. दुसरा घ्यायला हवा होता.’ सरांचं म्हणणं त्या काळच्या शिस्तीप्रमाणे बरोबरच होतं. नमुना स्वच्छ हवा. मी तो ठेवून घेतला तो काही दूरदृष्टीने नाही. रात्रभर एस.टी.त बसून आणलेली वस्तू टाकवत नाही, एवढंच.

माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय मुंबई-कोकण किनाऱ्यावरची समुद्रशैवालं हा होता, आणि या विषयाची सुरुवात एका डेन माणसापासून करावी लागते. फ्रेडरिक बर्गेसन हे कोपनहेगनच्या वनस्पतिसंग्रहालयात होते. इकडे येण्याआधी वेस्ट इंडीजमधल्या डॅनिश बेटांची शैवालं त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यासली होती, त्यामुळे उष्ण कटिबंधातला समुद्र त्यांना नवा नव्हता. १९२७-२८च्या हिवाळ्यात ते हिंदुस्थानात आले, साठी ओलांडलेले. मुंबईत मलबार हिलच्या पायथ्याच्या खडकांवर उतरले, ओखा-द्वारकेकडे गेले. गोळा केलेलं सगळं घेऊन परतले आणि १९३० सालापासून मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरच्या हिरव्या, तपकिरी आणि लाल शैवालांवर एकामागून एक लेख लिहीत राहिले. मुंबईच्या शेवाळांना आज जी शास्त्रीय नावं आहेत, त्यांतली बरीचशी या एका माणसाच्या एका हिवाळ्यातल्या वेचणीवर उभी आहेत.

ग्रंथालयात त्यांचे लेख वाचताना मला एका गोष्टीचं हसू आणि राग दोन्ही यायचे. मलबार हिलचे ते खडक आमच्या कॉलेजातून बसने काही मिनिटांवर होते. त्यावर काय उगवतं हे कळायला कोपनहेगनहून माणूस यावा लागला. आपल्याकडे समुद्राचा अभ्यास नव्हताच असं मात्र नाही. ओखामंडळ बडोदे संस्थानात होतं, आणि सयाजीराव गायकवाडांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल यांच्याकडून तिथल्या सागरी जिवांची पाहणी करवून घेतली होती. तिचा पहिला भाग १९०९ साली छापला गेला. पण त्या पाहणीला मोती, कालवं, शंख यांची ओढ होती. ज्यातून महसूल येईल ते आधी मोजायचं, ही रीत जुनीच. शेवाळातून महसूल येत नव्हता. आमच्या वाडीत लाटांनी फेकलेलं शेवाळ माडांच्या बुंध्यात जाई, सुक्या मासळीबरोबर. त्यापलीकडे त्याला कोणी विचारत नव्हतं.

नाही म्हणायला एक शेवाळ आमच्या स्वयंपाकघरात मानाने येत होतं, फक्त ते शेवाळ आहे हे कोणाला माहीत नव्हतं. चायना ग्रास. पांढऱ्या, सुरकुतलेल्या, नायलॉनसारख्या पट्ट्या. आई त्या भिजवून, शिजवून, दुधात घालून वड्या पाडायची, उपासाला चालतात म्हणून. एफ.वाय.ला असताना सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात काचेच्या बशीतलं थरथरतं माध्यम पाहिलं आणि बाईंनी सांगितलं, हे अगर, लाल शैवालापासून काढतात. मी वास घेतला. आईच्या वड्याच की! ही युक्तीही मुळात स्वयंपाकघरातलीच. १८८१च्या सुमारास रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वाल्टर हेसे उन्हाळ्यात वितळणाऱ्या जिलेटीनने कंटाळले होते. तेव्हा त्यांची बायको फॅनी हिने सुचवलं की आपण जेलीत घालतो ते अगर वापरून पाहा. तिला ते जावामध्ये राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून कळलं होतं. जगभरच्या प्रयोगशाळा त्यावर चालायला लागल्या आणि माल यायचा जपानहून. दुसऱ्या महायुद्धात जपान शत्रू झाला, अगर बंद झालं, आणि मग देशोदेशी किनाऱ्यावरच्या शेवाळाकडे लक्ष गेलं. आपल्याकडेही ग्रॅसिलारिया या लाल शैवालापासून अगर काढायचे प्रयोग युद्धाच्या काळातच झाले. १९५४ साली भावनगरला मीठ आणि सागरी रसायनं यांची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. शेवाळ तिच्या कामात पुढे मोठी जागा घेऊन बसलं. पण त्याचा खरा धंदा उभा राहिला तो तामिळनाडूत, मंडपमच्या बाजूला. कोकणाकडे तो आला नाही. पावसाळ्यात आमच्या खडकांवर पॉर्फिराची जांभळी, पातळ पानं येतात. जपानी माणूस ज्या नोरीत भात गुंडाळून खातो तिचंच हे भावंड. पण जुलै-ऑगस्टच्या लाटांत, त्या निसरड्यावर उतरायचं कोणी?

आता मोठ्या जहाजांकडे येते. इतिहास लिहिणाऱ्याला जहाजं फार आवडतात, आणि मलाही आवडतात हे कबूल करते.

पन्नाशीच्या दशकात जगातल्या समुद्रशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की अटलांटिक आणि पॅसिफिकवर कपाटं भरून लिहून झालंय, हिंदी महासागराचा मात्र नकाशाही धड नाही. त्यातून आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम निघाली, १९६० ते ६५च्या दरम्यानची. चाळीसेक जहाजं आली, तेरा-चौदा देशांची. भारताने नौदलाचं ‘किस्तना’ दिलं, दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ जहाज. तोफांच्या शेजारी पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्या. अमेरिकेचं ‘अँटन ब्रून’ १९६३ साली मुंबईला आलं, ते तर आधी अध्यक्ष ट्रुमन यांचं विहाराचं जहाज होतं. सगळ्या जहाजांना जाळं एकच, ठरलेल्या मापाचं, एक चौरस मीटर तोंडाचं. ते दोनशे मीटर खोल सोडायचं आणि सरळ वर ओढायचं. म्हणजे रशियन जहाजाने धरलेले जीव आणि जपानी जहाजाने धरलेले जीव एका तागडीत तोलता यावेत. तसे धरलेले नमुने फॉर्मॅलिनच्या बरण्याच बरण्या भरून कोचीला आले. तिथे माणसं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यातले सुईच्या टोकाएवढे जीव जातीजातींनी वेगळे करत बसली, महिनोन्‌महिने. आणि मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उघडलं. हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज ते चालवायला आले, संगणकही आला. मुंबईकरांना पाऊस कधी येणार हे कुलाबा सांगतं, एवढंच तेव्हा ठाऊक होतं. तो पाऊस समुद्रावर कसा शिजतो, हे त्या केंद्रात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर मांडलं गेलं.

या मोहिमेचं भारतातलं काम एन. के. पणिक्कर पाहत होते. मोहीम संपली आणि १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सुरू झाली, पणिक्करच पहिले संचालक. पुढे दिल्लीहून तिचं ठाणं गोव्याला, दोनापावलाला आलं. १९७६ला संस्थेला स्वतःचं जहाज मिळालं, ‘गवेषणी’. मुळात ते गाळ वाहून नेणारं बार्ज, संशोधनासाठी बदलून घेतलेलं. आमच्याकडे जुन्या लुगड्याची गोधडी करतात त्यातलाच प्रकार, पण गोधडी टिकाऊ निघाली. मालपेच्या समोर शंभरेक किलोमीटरवर समुद्राखालच्या एका उंचवट्यावर जिवंत प्रवाळ सापडलं, १९७८ला ते प्रसिद्ध झालं, आणि त्या उंचवट्याचं नाव ‘गवेषणी बँक’ पडलं. १९८१ला प्रजासत्ताक दिनी याच जहाजाने समुद्रतळावरचे मँगनीजचे गोळे वर काढले. वर्तमानपत्रांत फोटो आले. दुसरे संचालक कासीम त्याच वर्षी डिसेंबरात गोव्याहून अंटार्क्टिकाला निघाले, देशाची पहिली तुकडी घेऊन.

फोटो न आलेल्या गोळ्यांची गोष्ट याच्याआधीची आहे.

‘डांबराच्या गोळ्या’ म्हटलं की मराठी माणसाला कपाटातल्या पांढऱ्या गोळ्या आठवतात. किनाऱ्यावरच्या माणसाला काळ्या. माझ्या लहानपणी त्या नव्हत्या, किंवा असतील तर आमच्या पायाला लागत नव्हत्या. सत्तरच्या आसपास एप्रिल-मेमध्ये वाळूवरून चाललं की तळव्याला काळं चिकटायला लागलं. वाटाण्याएवढ्या गोळ्या, कधी लिंबाएवढ्या, कधी भाकरीएवढी थापी. वरून वाळू लागलेली, त्यामुळे पाय पडेपर्यंत कळत नाही. दारात रॉकेलची बाटली आणि फडकं ठेवलेलं असे. पाहुण्यांना आत घ्यायच्या आधी आजी तळवे दाखवायला सांगायची.

शास्त्रज्ञांच्या लेखी ही नोंद पहिल्यांदा १९७२ साली आली, ‘करंट सायन्स’मध्ये. गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबरासारखा पदार्थ दिसतोय, एवढं सांगणारं छोटंसं टिपण. पुढे १९७७ला गोव्याच्या संस्थेच्या ‘महासागर’ या नियतकालिकात धारगळकर, कुरेशी आणि भांडारे यांचा लेख आला. त्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या या गोळ्यांचा आढावा होता. मी तो प्रबंधासाठी वाचला आणि पहिल्यांदा कळलं की आजीचं रॉकेलचं फडकं हा एका मोठ्या उलाढालीचा शेवटचा टप्पा आहे.

उलाढाल अशी. टँकर आखाती देशांतून तेल भरून युरोपला किंवा जपानला जातो, रिकामा होतो. रिकामं जहाज समुद्रात हेलकावतं म्हणून टाक्यांत समुद्राचंच पाणी भरतात. टाकीच्या भिंतींना चिकटलेलं तेल त्या पाण्यात मिसळतं. आखाताजवळ आलं की नवं तेल भरायला टाकी मोकळी हवी, म्हणून ते तेलकट पाणी, धुऊन काढलेल्या गाळासकट, अरबी समुद्रात सोडून द्यायचं. दर फेरीला, दर जहाजाला. सोडलेल्या तेलातला हलका भाग उन्हाने उडून जातो, जड भाग लाटांनी पाण्यात घुसळला जाऊन लोण्यासारखा होतो आणि मग वळत वळत गोळा होतो. मेच्या सुमारास वारं पश्चिमेकडून धरायला लागलं की तो आपल्या किनाऱ्याला लागतो. सुवेझ कालवा १९६७ ते ७५ बंद होता, त्या काळात आफ्रिकेला वळसा घालायला परवडावं म्हणून टँकर राक्षसी मोठे झाले. तेलाची वाहतूक वाढली तशी टाक्यांची धुणीही वाढली.

माझे काका रापणीचे तांडेल होते. त्यांना मी हे सगळं समजावून सांगितलं, कागदावर जहाज काढून. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हंजे त्ये टाकी धुतत, आणि आमी पाय धुतंव.’

सप्टेंबर १९७४ला लक्षद्वीपमधल्या किलतान बेटावर ‘ट्रान्सह्यूरॉन’ नावाचा अमेरिकन टँकर चढला आणि भट्टीचं तेल प्रवाळावर सांडलं. शास्त्रज्ञ तिकडे गेले, काय मेलं आणि काय जगलं ते लिहून आले. मोठा अपघात झाला की माणसं जातात, अहवाल होतो. पण दर मे महिन्यात थेंबाथेंबाने येणाऱ्या डांबरासाठी कोणी बेटावर जात नाही. त्यासाठी त्याच वाळूवर, त्याच पट्ट्यात, वर्षानुवर्षं वाकून गोळ्या वेचाव्या लागतात आणि तोलाव्या लागतात. हे काम कोणाला नाव मिळवून देत नाही. जहाजांनी काय केलं याची यादी मी वर पाठ म्हणून दाखवली. वाकून वेचणाऱ्यांची नावं मला लेखांच्या शेवटच्या आभारात शोधावी लागतात, आणि तिथेही ‘प्रयोगशाळा साहाय्यक’ एवढंच असतं.

१९७८च्या त्या पहाटेकडे परत येते. प्रबंधासाठी मला उधाणाची ओहोटी हवी होती, कारण सर्गॅसम खडकाच्या अगदी खालच्या अंगाला वाढतं. एरवी ते पाण्याखालीच. विद्यापीठात भरती-ओहोटीचं छापील कोष्टक होतं, पण ते मुंबई बंदराचं. काकांकडे स्वतःचं कोष्टक होतं: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सुकती पहाटे सव्वापाचला आणि पुन्हा संध्याकाळी. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी फार खाली जात नाही, तेव्हा जाण्यात अर्थ नाही. मी कोष्टकाशी ताडून पाहिलं. मालवणला थोडा फरक पडायचा, पण होडी सोडायला पुरेसं होतं.

काळोखात निघालो. किल्ल्याच्या तटाला वळसा घालून पश्चिमेला होडी धरून ठेवणं सोपं नाही, काका वल्ह्यावर आणि मी कमरेएवढ्या पाण्यात. लोखंडी सळीची चौकट, अर्धा मीटर बाय अर्धा मीटर. ती खडकावर टाकायची, आतलं सगळं शेवाळ खरवडून पिशवीत भरायचं, पिशवीवर नंबर. घरी ताणकाट्याला लावून वजन. दहा चौकटी झाल्या तेव्हा तांबडं फुटलं आणि मला दिसलं की माझे हात कोपरापर्यंत काळे-करडे झालेत. डांबर खडकाच्या खोबणीत लिंपल्यासारखं बसलं होतं आणि सर्गॅसमच्या फुग्यांना, पानांच्या बगलांना लागलं होतं. मे महिन्यात सर्गॅसम उतरणीलाच लागलेलं असतं, फांद्या झडायला आलेल्या, त्यामुळे डांबराने त्याचं किती वाईट झालं ते मला सांगता येत नव्हतं. काका वरून म्हणाले, ‘काय गो बाय, ह्यो कचरो घेवन काय करतलंस?’

सुक्या आकड्यांच्या रकान्यात मी चौकटींतल्या शेवाळाचं वजन लिहिलं. डांबराचं वजन लिहिलं नाही. चाकूने खरवडून काढलं आणि फेकलं. आज त्याचं मला फार वाईट वाटतं. पण तेव्हा प्रबंध शेवाळावर होता.

नंतरच्या दशकात माझ्या किल्ल्याला शास्त्रात बरे दिवस आले. १९७९ला कासीम आणि वफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर कुठेकुठे जिवंत प्रवाळ आहे ते ‘महासागर’मध्ये छापलं, त्यात मालवण होतं. आमच्या गाबीत मच्छीमारांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. नांगर कुठे अडकतो, जाळं कुठे फाटतं, हे त्यांना खडकागणिक पाठ होतं, फक्त अडकवणारा तो दगड जिवंत आहे हे माहीत नव्हतं. शैवालांच्या बाबतीत अरविंद उंटवाले, धारगळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्याहून महाराष्ट्राचा किनारा पालथा घातला, आणि १९८३ला भारतातल्या सागरी शैवालांची यादी काढली, सहाशेहून अधिक जातींची. मुंबईत प्रा. दीक्षितांनी १९६८ला बर्गेसन आणि इतरांनी नोंदवलेल्या मुंबईच्या शैवालांची यादी एकत्र केली होती. म्हणजे १९३० ते ६८, आणि मग ८३. मधल्या वर्षांत खडकावर काय होतं, ते खडकालाच ठाऊक.

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरचं, किल्ल्याच्या भोवतालचा गाभा त्यात आला. गावात सभा झाल्या, विरोध झाला, तो पुढेही वर्षानुवर्षं धुमसत राहिला. मी कोणाच्या बाजूने होते? माझी पंचाईत होती. काकांच्या सांगण्यावरून मी जे खडक शोधले, तसल्याच खडकांची यादी सरकारी अधिसूचनेतून परत त्यांच्या दारात आली होती, आणि आता तिथे त्यांनी काय करायचं नाही ते सांगत होती. काका फार बोलले नाहीत. मे महिन्यात डांबर मात्र अभयारण्याची हद्द न विचारता येत होतं.

टँकरांनी समुद्रात तेल सोडू नये म्हणून आंतरराष्ट्रीय करार १९७३ला झाला, ७८ला दुरुस्त झाला आणि १९८३ला लागू झाला. पुढे डांबराच्या गोळ्या कमी झाल्या असं मला वाटतं, पण बंद काही झाल्या नाहीत. गोव्याच्या किनाऱ्यांवर त्या आजही येतात. आता त्यांचा उगम शोधायची पद्धत निघाली आहे. तेलात हॉपेनसारखी काही संयुगं असतात. ती कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवाणूंच्या अंगातली, सहजी विघटन न होणारी, आणि दर विहिरीच्या तेलात त्यांचं प्रमाण वेगळं. माणसाच्या बोटांच्या ठशांसारखं. गोळीतलं प्रमाण काढून विहिरींच्या तेलाशी ताडायचं. त्यातून निघालं ते असं की काही गोळ्या टँकरांच्या धुण्यातल्या, आणि काही आपल्याच मुंबई हाय तेलक्षेत्राच्या बाजूच्या. इतकी वर्षं आम्ही सगळा दोष परदेशी जहाजांवर ढकलून मोकळे झालो होतो.

आणि मोठे अपघात होत राहिलेच. १९९३च्या मेमध्ये मुंबई हायहून उरणला येणारी समुद्राखालची वाहिनी फुटली, तेल मुरुडपर्यंत आलं. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं एकमेकांवर आदळली, अलिबाग-उरणच्या किनाऱ्यांना तेल लागलं, काही दिवस मुंबईत मासळीला गिऱ्हाईक नव्हतं. दर वेळी टीव्हीवर एकच प्रश्न: किती नुकसान झालं? याचं उत्तर द्यायला आधी काय होतं ते माहीत लागतं. मुरुडच्या त्या खडकांवर १९९२च्या मेमध्ये किती शेवाळ होतं, हे कोणी चौकट टाकून तोललं असेल तरच. अशा वेळी मला पेटीची आठवण व्हायची, पण माझ्या पेटीत मुरुड नाही.

मध्यंतरी मुंबईला गेले होते तेव्हा हाजी अलीच्या बाजूने नव्या किनारा रस्त्यावरून भाचीच्या गाडीने गेले. त्या रस्त्याच्या भरावाच्या आड येणाऱ्या प्रवाळांच्या अठरा वसाहती गोव्याच्या संस्थेने उचलून कुलाब्याच्या नेव्हीनगरच्या बाजूला नेऊन बसवल्या. अठरा! कोणीतरी त्या मोजल्या होत्या, हे पाहून मला बरं वाटलं. प्रवाळ उचललं तेव्हा त्यावरच्या शेवाळाचं काय झालं, हे भाचीला विचारलं तर ती गाडी चालवत होती.

यंदाच्या उन्हाळ्यात एका कॉलेजातली मुलगी माझ्याकडे आली. जुने शैवालसंग्रह संगणकावर घ्यायचं काम तिला मिळालं आहे. पाच दिवस ती येत होती, पंख्याखाली बसून एकेक कागद काढायची, फोटो घ्यायची, तक्त्यात भरायची. जात, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, अवस्था. सर्गॅसमच्या त्या कागदाशी ती आली तेव्हा मी पोहे परतत होते. बाहेर येऊन पाहते तर तिने ‘अवस्था’ या रकान्यात ‘खराब’ लिहिलं होतं. मी म्हटलं, ते खोड. तिने विचारलं, का? मी तिला कागद उलटा करून दाखवला. तेलाचं कडं मागच्या बाजूला आलं होतं. खालचा कागद काढला, त्यावर अंगठ्याएवढा पिवळा गोल. त्याच्या खालच्यावर फिकट. त्याच्याही खालच्यावर, उजेडाशी तिरपा धरला तर. सत्तेचाळीस वर्षं ते डांबर एका कागदातून दुसऱ्यात उतरत होतं.

तिने कागद नाकाशी नेला. ‘वास येतोय अजून,’ म्हणाली.

मग ती बराच वेळ तक्त्याकडे पाहत बसली. एका कागदावर एकच नमुना, अशी त्या तक्त्याची अट आहे, दुसरं नाव भरायला तो जागाच देत नाही. पोहे गार झाले. शेवटी तिने नवी ओळ उघडली, ठिकाण आणि तारीख वरचीच उतरवली, गोळा करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव पुन्हा लिहिलं, आणि डांबराला स्वतःचा क्रमांक दिला, २१८-अ.